न बुडालेला कारकून

पॅरिसच्या अर्थखात्यात नोकरी करणाऱ्या एका माणसाने १८ ऑक्टोबर १८४० या तारखेला स्वतःच्या प्रेताचं छायाचित्र काढलं. माणूस जिवंत होता, धडधाकट होता, पुढे सेहेचाळीस वर्षांहून अधिक जगला. पण त्या दिवशी कमरेपर्यंत उघडा होऊन, डोळे मिटून, मान एका बाजूला टाकून तो कॅमेऱ्यासमोर मेला. नाव इपोलित बायार. छायाचित्रणाचा इतिहास लिहिणाऱ्यांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. आपल्याकडे दागेरचं नाव निदान शाळेच्या पुस्तकातून कानावरून गेलेलं असतं, बायारचं ते भाग्य नाही. आणि नेमकं हेच त्याचं दुखणं होतं.

हे चित्र मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९१ साली, फोर्टातल्या फूटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो आणि मनाने फार बऱ्या अवस्थेत नव्हतो. का, ते पुढे येईलच. छायाचित्रांच्या इतिहासाचं एक फाटकं इंग्रजी पुस्तक चाळताना हे पान समोर आलं. एक माणूस बसलेला, खरं म्हणजे बसवून ठेवलेला. खालचं अंग कापडात गुंडाळलेलं, हात पोटाशी एकावर एक. शेजारी भिंतीवर रुंद काठाची एक गवती टोपी. शरीर फिकट, पण चेहरा आणि हात काळपट. मी पुस्तक विकत घेतलं ते त्या चेहऱ्यासाठी नाही, चित्राच्या पाठीमागे त्याने काय लिहून ठेवलं होतं ते वाचून.

त्या मजकुराचा मथितार्थ असा : मागच्या बाजूला दिसतं आहे ते प्रेत श्रीयुत बायार यांचं. ज्या पद्धतीने हे चित्र काढलं, ती त्यांनीच शोधून काढली. अकादमीने, राजाने, ज्यांनी ज्यांनी त्यांची चित्रं पाहिली त्या सगळ्यांनी वाहवा केली. त्यातून मान मिळाला, दमडी मिळाली नाही. श्रीयुत दागेर यांना भरभरून देऊन बसलेल्या सरकारने श्रीयुत बायार यांच्यासाठी काही करता येत नाही असं सांगितलं, तेव्हा बिचाऱ्याने पाण्यात जीव दिला. कित्येक दिवस तो शवागारात पडून आहे, ओळख पटवायला कुणी आलं नाही. तेव्हा सभ्य स्त्री-पुरुषहो, पुढे चला, नाकाला त्रास होईल. चेहरा आणि हात कुजायला लागले आहेत, हे आपण पाहताच आहात.

खाली सही : एच. बी.

हा शेवटचा विनोद करणारा माणूस मला एकदम जवळचा वाटला. आयुष्यभर सरकारी टिपणं लिहिलेल्या माणसाची शैली आहे ती. तक्रार आहे, पण ती अर्जाच्या भाषेत. फक्त अर्जदार मयत आहे.

आता हा माणूस कोण, ते सांगतो. १८०१ सालच्या जानेवारीत, पॅरिसच्या उत्तरेला असलेल्या ब्रेत्यय नावाच्या लहान गावी त्याचा जन्म झाला. वडील गावातले न्यायाधीश, आणि त्यांना बागेचा भारी नाद. त्यांची एक गोष्ट सांगितली जाते. झाडावर पीच पिकत असताना ते कागदाची कापलेली अक्षरं फळावर चिकटवत. उन्हाने फळ लाल व्हायचं, कागदाखालचा भाग तेवढा फिकट राहायचा, आणि कागद काढला की फळावर अक्षर उमटलेलं. पुढे मुलाने आयुष्यभर जे केलं, त्याचा पहिला धडा हा असावा असं मानायला मला आवडतं. हा मुलगा पॅरिसला येऊन अर्थखात्यात चिकटला. फावल्या वेळात चित्रकार आणि नटांच्या संगतीत रमणारा, आणि वडिलांसारखाच झाडापेरांत रमणारा, असा तो कारकून.

७ जानेवारी १८३९ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत फ्रान्स्वा आरागो यांनी जाहीर केलं की दागेर नावाच्या गृहस्थांनी कॅमेऱ्यातली प्रतिमा कायमची पकडण्याची युक्ती शोधली आहे. आरागो म्हणजे साधी असामी नव्हे. मोठे खगोलशास्त्रज्ञ, लोकप्रतिनिधी आणि अकादमीतली वजनदार व्यक्ती. युक्ती काय, ते मात्र गुपित ठेवलं. झालं, सगळीकडे धावपळ सुरू झाली. इंग्लंडमध्ये टॅल्बटने कपाटात पडलेले आपले जुने प्रयोग घाईघाईने बाहेर काढले आणि महिना संपायच्या आत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. इकडे पॅरिसात बायारही कामाला लागला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याने आपले पहिले प्रयत्न एका भौतिकशास्त्रज्ञाला दाखवले. ती चित्रं उलटी होती, उजेडाच्या जागी काळं आणि काळ्याच्या जागी उजेड. मार्च संपायच्या आत त्याने सरळ चित्र कागदावर आणलं. नोकरी सांभाळून, अडीच महिन्यांत.

त्याची रीत सांगण्यासारखी आहे. कागद आधी क्षाराच्या पाण्यात, मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवायचा आणि उजेडात धरून पार काळा होऊ द्यायचा. नंतर पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात ओला करून कॅमेऱ्यात ठेवायचा. आत जिथं जिथं उजेड पडेल तिथं तिथं काळा कागद पांढरा होत जाई. म्हणजे बाकीचे लोक पांढऱ्यावर काळं करत होते, हा काळ्यावर पांढरं करत होता. दागेरचं चित्र चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असे, आरशासारखं लखलखीत आणि रेघन्‌रेघ स्पष्ट. बायारचं कागदावर, मऊ, कोळशाने काढल्यासारखं. दोन्हीची प्रत एकच, दुसरी निघत नसे. दोन पद्धतींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

मे महिन्यात बायार आरागोंना जाऊन भेटला. आरागोंनी चित्रं पाहिली. पुढे त्याला चांगल्या उपकरणांसाठी सरकारकडून सहाशे फ्रँक मिळाले. आरागोंनी तोवर आपली सगळी प्रतिष्ठा दागेरच्या बाजूला लावली होती, संसदेत विधेयक यायचं होतं, मध्येच दुसरा संशोधक उभा राहिला असता तर घोळ झाला असता. म्हणून त्यांनी बायारला जरा थांबायला सांगितलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. बायार थांबला. कारकुनाला थांबायची सवय असते. मार्टिनिक बेटावरच्या भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी पॅरिसमध्ये एक विक्री-प्रदर्शन भरलं, त्यात त्याने आपली तीस चित्रं लावली. छायाचित्रांचं जगातलं पहिलं जाहीर प्रदर्शन म्हणून आज ज्याचा उल्लेख होतो ते हेच. वर्तमानपत्रांतून दोन बरे शब्द आले.

ऑगस्टमध्ये कायदा झाला. दागेरला वर्षाला सहा हजार फ्रँक निवृत्तिवेतन. त्याचे दिवंगत भागीदार न्येप्स यांच्या मुलाला चार हजार. १९ ऑगस्ट १८३९ रोजी दोन अकादमींच्या एकत्रित सभेत ती पद्धत साऱ्या जगाला खुली केली गेली. सभागृहात जागा मिळाली नाही म्हणून लोक बाहेर अंगणात उभे होते. मला बँकेची सवय म्हणून हिशेब केला. दागेर वारला १८५१ साली. बारा वर्षांचे ढोबळमानाने बहात्तर हजार झाले. समोरच्या खात्यात एकदाच जमा, सहाशे. नोव्हेंबरमध्ये ललितकला अकादमीने बायारच्या कामाचा गौरव करणारा अहवाल दिला आणि चित्रकारांना ही कागदी पद्धत अधिक उपयोगी पडेल असा अभिप्राय नोंदवला. अहवालाने कुणाचं पोट भरत नाही. फेब्रुवारी १८४० मध्ये त्याने आपली रीत विज्ञान अकादमीपुढे उघड केली. तोवर सगळीकडे दागेरचे पत्रे झाले होते. आणि त्याच ऑक्टोबरात हा गृहस्थ मेला.

मघाशी अर्धवट सोडलेलं माझं प्रकरण आता सांगून टाकतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बँकांमध्ये शाखा-शाखांमधल्या व्यवहारांचा ताळमेळ हा एक न संपणारा ताप होता. वर्षानुवर्षं जुळत नसलेल्या नोंदी सस्पेन्स खात्यात कुजत पडलेल्या असत. मी माझ्या शाखेत एक तक्ता तयार केला. फार हुशारीचं काम नव्हतं. चार रकाने आणि रंगीत पेन्सिलीच्या खुणा. पण त्याने आमच्या थकलेल्या नोंदी आठ महिन्यांत निम्म्याहून कमी झाल्या. मी तो वर पाठवला, पोच आली, पुढे काही नाही. दीड वर्षाने सर्व शाखांना परिपत्रक आलं. सोबत जवळजवळ तोच तक्ता. आणि त्याचं श्रेय माझ्याच बॅचच्या, दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याला. मुख्य कार्यालयात छोटा समारंभ झाला, त्याला मानपत्र मिळालं, पाठोपाठ बढतीही. टाळ्या वाजवायला मी होतो. नंतर ग्रुप फोटो झाला. त्यात मी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरा.

या काळात मी राजीनाम्याचं एक पत्र लिहिलं होतं. चार पानी. दिलं अर्थातच नाही, टेबलाच्या खणात ठेवलं. आता वाचवत नाही इतकं ते करुण आहे. त्यात मी जवळजवळ मेलेलोच होतो. बायारने चार पानांचं काम एका चित्रात आणि दहा-बारा ओळींत केलं, आणि वर हसवलं. एवढाच आमच्यातला फरक, पण तो मोठा आहे.

मत्सराचं चित्र काढायचं कसं? षड्रिपूंमधला तो सहावा, शेवटचा. क्रोध डोळ्यांत दिसतो, लोभ हातांत दिसतो, मद तर चालण्यातही दिसतो. मत्सर दिसत नाही. आपल्या भाषेनेही तो चेहऱ्यावर कधी ठेवला नाही. पोटात दुखतं, आत जळतं, असंच आपण म्हणतो. हेवा आणि मत्सर हेही वेगळे. दुसऱ्याकडे आहे ते मलाही हवं, हा हेवा. त्यात थोडं कौतुकही असतं. दुसऱ्याकडे आहे तेच मला सलतं, हा मत्सर. माणूस हेवा बोलून दाखवतो, मत्सर स्वतःपाशीही कबूल करत नाही. मत्सरी माणसाने स्वतःचा फोटो काढायचा ठरवला, तर त्यात मत्सरी माणूस कधीच येणार नाही. येईल तो अन्याय झालेला माणूस. बायारने तेच काढलं. स्वतःला जळफळणारा दाखवला असता तर ते नाटक झालं असतं. त्याने स्वतःला मेलेला दाखवलं, कारण आतून ते तसंच वाटतं. बळी आपण, गुन्हेगार कुठेतरी बाहेर. चित्रात दागेर नाही, पण पाठीमागच्या मजकुरात त्याचं नाव आहे आणि तेवढं पुरतं.

या चित्राची कारागिरी मला पुढे कळत गेली. ही पद्धत फार मंद होती, माणसाला मिनिटं न्‌ मिनिटं निश्चल बसावं लागे. या चित्राला बारा मिनिटं लागली असं सांगतात. इतका वेळ पापणी न लववता कोण बसणार? म्हणजे या कागदावर माणसाचं नीट चित्र यायचं तर त्याचे डोळे मिटलेलेच हवेत. झोपलेला किंवा मेलेला. दुसरी अडचण, हे रसायन निळ्या उजेडाला लवकर जागं होई, लाल-तांबूस रंगाला दाद देत नसे. बागेत उन्हात रापलेला चेहरा आणि हात त्यामुळे कागदावर काळेच राहत, झाकलेलं अंग मात्र उजळे. हा पद्धतीचा दोष. बायारने त्याला कुजण्याचं नाव दिलं. आपल्या शोधाच्या दोन्ही उणिवा त्याने प्रेताच्या खुणा करून टाकल्या. ज्या माणसाला आपल्या कामाची इतकी बारीक जाण आहे त्याला कमी लेखलं गेलं, हे दुःख खरंच आहे.

आणखी एक. त्या काळी पॅरिसमध्ये सेन नदीकाठी शवागार होतं आणि तिथं बेवारस प्रेतं काचेआड मांडून ठेवत, ओळख पटावी म्हणून. लोक अक्षरशः गर्दी करून बघायला जात. प्रेताजवळ त्याचे कपडे टांगलेले असत. भिंतीवरची ती गवती टोपी म्हणूनच तिथं असावी, असा माझा तर्क आहे. ती त्याची बागेतली टोपी. ओळख पटवायला कुणी आलंच, तर टोपीवरून पटावी.

पण पंचवीस-तीस वर्षं दुसऱ्यांची खाती तपासल्यावर माणूस आवडत्या ग्राहकाचंही खातं तपासतोच. बायारच्या मजकुरात काही नोंदी गाळलेल्या आहेत. दमडी मिळाली नाही म्हणतो, पण सहाशे फ्रँक मिळाले होते. बक्षीस नव्हे, उपकरणांसाठी, हे खरं, तरी शून्य नव्हे. दुसरी नोंद त्याहून मोठी. दागेर काही अडीच महिन्यांत पुढे आलेला नव्हता. डिओरामा नावाच्या प्रचंड चित्रांच्या खेळाचा तो मालक. १८२९ पासून न्येप्सशी त्याची भागीदारी. १८३३ मध्ये न्येप्स वारला, त्यानंतरही हा एकटा खपत राहिला. मार्च १८३९ मध्ये त्याचा डिओरामा जळून खाक झाला. बायारच्या चित्रात यातलं काही नाही. आणि बायारने काम सुरू केलं तेच मुळी दागेरची बातमी आल्यावर. ही गोष्ट करता येते, एवढं कळणं हेच अर्धं काम असतं. आमच्याकडे कोकणात म्हणतात तसं, पाऊलवाट दिसली की रान अर्धं संपतं. बायारपेक्षाही दुर्दैवी माणूस तेव्हा ब्राझीलमध्ये होता, एर्क्युल फ्लोरॉन्स. १८३३ च्या सुमाराला तो स्वतःच्या अकलेने या वाटेवर बराच पुढे गेला होता, आणि दागेरची बातमी ऐकून गप्प बसला. त्याचं काम जगापुढे नीट आलं ते १९७० च्या दशकात. त्याने स्वतःचं प्रेत काढलं नाही. म्हणून आपल्याला त्याचा चेहरा आठवत नाही.

बायार मात्र मेल्यावर चांगला जगला. १८४२ मध्ये राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या एका फ्रेंच संस्थेने त्याला तीन हजार फ्रँकचं पारितोषिक दिलं. पुढे त्याने आपली लाडकी पद्धत बाजूला ठेवून टॅल्बटची रीत उचलली, कारण तिच्यात एका उलट्या चित्रावरून हव्या तितक्या प्रती निघत. आपला शोध सोडून दुसऱ्याचा वापरणं सोपं नसतं. मी त्या परिपत्रकातला तक्ता वर्षभर मुद्दाम वापरला नव्हता. बायारने मोंमार्त्रच्या पवनचक्क्या टिपल्या, १८४८ च्या क्रांतीनंतर रस्त्यात पडलेले अडथळ्यांचे अवशेष टिपले. १८५१ मध्ये सरकारने देशातल्या जुन्या वास्तूंची छायाचित्रं काढायला पाच जणांना नेमलं, त्यात तो होता, नॉर्मंडीकडे गेला. आकाश आणि जमीन एकाच वेळी नीट येत नाहीत, म्हणून दोन्हींची वेगळी उलटी चित्रं घेऊन एका कागदावर छापायची तोडही त्याने सुचवली. १८५४ मध्ये फ्रेंच छायाचित्रण संस्था निघाली तिच्या संस्थापकांत तो, पुढे कित्येक वर्षं तिचा चिटणीस. १८६३ मध्ये सरकारने लीजन ऑफ ऑनर दिला. बेर्ताल नावाच्या व्यंगचित्रकाराबरोबर त्याने स्टुडिओही काढला. चिटणीस म्हणून त्याने इतरांच्या किती शोधांच्या नोंदी घेतल्या असतील! त्या संस्थेच्याच संग्रहात आज ते बुडालेल्या माणसाचं चित्र आहे. मूळ प्रतीला उजेड सोसत नाही, म्हणून ती अंधारात जपावी लागते.

त्याने स्वतःची आणखी बरीच छायाचित्रं काढली, आणि ती पाहिल्यावाचून या माणसाचा हिशेब पुरा होत नाही. बहुतेक बागेतली. कुंड्या, वेल, झारी, आणि मध्ये हा, अंगात कोट, डोळे उघडे. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात त्याच्या चित्रांची एक जुनी वही आहे. २०२४ मध्ये तिथं त्याच्यावर प्रदर्शन भरलं. बागकामाच्या अवजारांची मांडणी करून काढलेलं त्याचं एक चित्र आहे, आणि त्यातही एक गवती टोपी आहे. शवागारातली तीच असेल तर मला आनंद होईल.

१४ मे १८८७ रोजी नेमूर या गावी तो वारला, या वेळी खरोखर. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आयफेल मनोऱ्याचं बांधकाम सुरू झालं होतं. त्या मनोऱ्यावर फ्रान्सच्या बहात्तर शास्त्रज्ञ-तंत्रज्ञांची नावं कोरली आहेत. आरागोंचं आहे. दागेरचं आहे.

ते पुस्तक घरी आणल्यावर मीही एक उद्योग केला होता. आमच्याकडे याशिकाचा कॅमेरा होता, त्यात सेल्फ-टायमर. रविवारी दुपारी, घरात कुणी नसताना, खुर्चीत बसून मी माझ्या अन्यायाचा फोटो काढला. दहा सेकंद मिळतात, बाराही मिनिटं नाहीत. रोल धुऊन आला तेव्हा मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोंमध्ये तो एक निघाला. सौभाग्यवतींनी तो बराच वेळ पाहिला आणि त्या दिवशी मला आम्लपित्ताचा त्रास होत होता का, असं विचारलं.

तो सहकारी २०१९ मध्ये वारला. मी भेटायला गेलो. त्याच्या मुलाने वडिलांचे जुने कागद बाहेर काढले होते, बँकेतलं कुणी आलं तर काय ठेवायचं ते विचारावं म्हणून. त्यात एक वही होती, नागपूरच्या शाखेतली, १९८६ सालची. चार रकाने. रंग माझ्यापेक्षा वेगळे, हिरव्याच्या जागी त्याने जांभळी पेन्सिल वापरली होती. माझा तक्ता १९८८ चा. मी ती वही बराच वेळ चाळत बसलो. ठेवा, म्हटलं, ही नक्की ठेवा.

मग मुलाने समारंभाचा तो ग्रुप फोटो पुढे केला. त्याला मागे नावं लिहून ठेवायची होती. एकेक चेहऱ्यावर बोट ठेवत तो विचारत गेला, मी सांगत गेलो. दुसऱ्या रांगेशी आल्यावर तो थबकला. डावीकडून तिसरे हे कोण, एवढे मनापासून हसणारे, बाबांचे खास मित्र असणार, असं म्हणाला. मी चष्मा काढून पुसला आणि माझं नाव सांगितलं. त्याने ते पेन्सिलीने लिहून घेतलं.